डॉप्लर सुधारणेनंतरही मॅग्नेशियम-३२ ची ८८५ केईव्हीची रेषा कोनागणिक सरकते. शेजारच्या केंद्रकातल्या नव्या रेषांवर किती विसंबावं?

वर्णपट_३२

वेगवान बीमवरच्या एका डेटासेटचं विश्लेषण चालू आहे. अ‍ॅल्युमिनियम-३३ चा बीम टार्गेटवर येताना साधारण २५० एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट; केईव्ही त्याचा हजारावा भाग) प्रति न्यूक्लिऑन, म्हणजे बीटा (वेग भागिले प्रकाशवेग) ०.६१५. टार्गेट १० मिमी जाडीचं बेरिलियम. त्यात एक प्रोटॉन उडाला की मॅग्नेशियम-३२ उरतं आणि पुढच्या स्पेक्ट्रोमीटरमध्ये त्याची ओळख स्वच्छ पटते. टार्गेटमधून बाहेर पडताना बीटा ०.५८८ उरतो. भोवती सोडियम आयोडाइडचे डिटेक्टर, टार्गेटपासून सरासरी ३० सेमीवर. १ एमईव्हीला पूर्ण-ऊर्जा कार्यक्षमता अंदाजे २० टक्के.

मॅग्नेशियम-३२ पडताळणीसाठी घेतलं आहे, कारण त्याच्या पहिल्या २+ (स्पिन २, धन समता) पातळीची ८८५ केईव्हीची रेषा पक्की माहीत आहे. डॉप्लर सुधारणेत (धावत्या केंद्रकाच्या गॅमाची मोजलेली ऊर्जा स्थिर केंद्रकाच्या ऊर्जेत बदलताना) टार्गेटच्या मध्यातला बीटा, ०.६०२, धरला. तरी २५ ते ४० अंशांच्या डिटेक्टरांत शिखर ८७६ वर येतं, ५० ते ६० अंशांत ८७८ वर आणि ११० ते १३० अंशांत ८८९ वर. फिटची सांख्यिकीय त्रुटी प्रत्येक गटात २ केईव्हीच्या आत आहे. बीटा ०.५९५ केला तर तिन्ही गट बऱ्यापैकी जुळतात, पण सगळे ८८० च्या आसपास. शिखराला कमी ऊर्जेच्या बाजूला शेपूटही आहे.

दुसरा प्रश्न त्याच मोजणीतल्या शेजारच्या एका सम-सम (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दोन्ही सम संख्येत) केंद्रकाबद्दल (नाव आत्ता देता येत नाही). त्यात १.१० एमईव्हीला सुमारे १८० काउंट, १.६ एमईव्हीच्या आसपास ९० आणि ८३० केईव्हीजवळ एक उंचवटा दिसतो. एवढ्यावर स्तर-आकृती (केंद्रकाच्या ऊर्जा-पातळ्यांचा नकाशा) मांडता येते का? आणि या भागातल्या वरच्या स्पिनच्या पातळ्या बीमशिवाय, विखंडनाच्या सोर्सवरून मिळवण्याची काही सोय आहे का?

गॅमाकोन

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या तीन आकड्यांतच आहे. २+ पातळीचं आयुष्य (गॅमा सोडण्याआधी केंद्रक त्या पातळीत किती वेळ राहतं) सुधारणेत धरलेलं नाही, बाकी मांडणी ठीक दिसते.

सूत्र तुम्ही वापरलंच आहे: मूळ ऊर्जा = मोजलेली ऊर्जा × लोरेन्ट्झ गुणक × (१ − बीटा × कॉस थीटा), थीटा म्हणजे बीमच्या दिशेशी गॅमाचा कोन. यात दोन गोष्टी चुकू शकतात, बीटा आणि थीटा, आणि दोन्हींचा परिणाम कोनागणिक वेगळा होतो. बीटातल्या चुकीचा परिणाम (बीटा − कॉस थीटा) याच्या प्रमाणात असतो. म्हणजे कॉस थीटा = बीटा असेल त्या कोनात, तुमच्याकडे ५३ अंशांना, बीटा थोडा चुकला तरी शिखर हलत नाही. पुढे ते एका दिशेला जातं, मागे दुसऱ्या. थीटातल्या चुकीचं नेमकं उलट: ती सर्वांत जास्त भोवते ती याच ५३ अंशांना. तिथे एका अंशाची चूक म्हणजे १.३ टक्के, ८८५ वर जवळपास १२ केईव्ही. १२० अंशांना तीच चूक ०.७ टक्क्यावर येते.

आता आयुष्य. जपानच्या रिकेन संस्थेत १९९५ साली शिशाच्या टार्गेटवरच्या कूलॉम्ब उत्तेजनातून (जड केंद्रकाच्या विद्युत क्षेत्राने वरच्या पातळीत चढवून) मॅग्नेशियम-३२ चं ० ते २ दिशेचं बी(ई२), म्हणजे त्या संक्रमणाची ताकद, ४५४ ± ७८ मिळालं (एकक: प्रभाराचा वर्ग गुणिले फेम्टोमीटरचा चतुर्घात). २ ते ० दिशेसाठी त्याला ५ ने भागा, ९१ येतं. सरासरी आयुष्य पिकोसेकंदांत = ८१६ ÷ (एमईव्हीमधल्या ऊर्जेचा पाचवा घात × बी(ई२)), म्हणजे ८१६ ÷ (०.५४३ × ९१), सुमारे १६.५ पिकोसेकंद. तुमच्या वेगाला प्रत्येक पिकोसेकंद आयुष्यामागे केंद्रक ०.२२५ मिमी पुढे सरकतं. म्हणजे गॅमा किरण अभिक्रियेच्या जागेपासून सरासरी ३.७ मिमी पुढे निघतो.

यातून दोन परिणाम होतात. एक, उत्सर्जनाची जागा पुढे गेल्याने खरा कोन तुम्ही धरलेल्या कोनापेक्षा मोठा असतो. ३० सेमीवर ५३ अंशांना हा फरक ०.०१ रेडियन, म्हणजे शिखर ०.७५ टक्के खाली: ८८५ चं ८७८. तुमच्या मधल्या गटाचा आकडा हाच आहे. दोन, पुढे सरकताना केंद्रक टार्गेटमध्ये आणखी मंदावतं. १० मिमीत बीटा ०.०२७ ने घटतो. त्या हिशेबाने उत्सर्जनाच्या क्षणी सरासरी बीटा ०.५९५ च्या आसपास असणार. तुम्ही ०.६०२ धरलात म्हणून १२० अंशांना शिखर ०.९ टक्का वर गेलं आणि ३० अंशांना ०.६ टक्का खाली. दोन्ही परिणाम एकत्र केले की ३० अंशांना ८७६ ते ८७७, ५३ अंशांना ८७८ आणि १२० अंशांना ८८९ येतं. तिन्ही तुमच्या आकड्यांशी जुळतात. शेपटाचं कारणही तेच: काही केंद्रकं सरासरीच्या तिप्पट-चौपट वेळ थांबून, टार्गेटच्या बरीच पुढे जाऊन गॅमा सोडतात.

त्यामुळे बीटाची खुंटी पिळून तिन्ही गट एकत्र आणणं धोक्याचं आहे. गट जुळतात, ऊर्जा मात्र ५ केईव्हीने खाली अडकते आणि कुणाला शंका येत नाही. ज्ञात केंद्रकात हे लगेच कळतं, अज्ञात केंद्रकात ती चूक तशीच छापली जाते. योग्य रस्ता असा की जिआंट४ या सिम्युलेशन प्रणालीमध्ये टार्गेट, ऊर्जेचा ऱ्हास, अभिक्रियेची यादृच्छिक खोली आणि आयुष्य घालून शिखराचा आकार काढायचा, आणि डेटावर जी सुधारणा केली तीच, त्याच ०.६०२ ने, सिम्युलेशनवरही करायची. मग आयुष्य आणि ऊर्जा दोन्ही मोकळी सोडून तिन्ही कोनगट एकदम फिट करायचे. ऊर्जा आणि आयुष्य एकमेकांशी घट्ट बांधलेली असतात. एकाच कोनात ती सुटी करता येत नाहीत, वेगवेगळ्या कोनांत येतात.

टार्गेट पातळ करण्याचा मोह इथे होतो, पण हिशेब आधी करा. १० मिमी बेरिलियम म्हणजे १.८५ ग्रॅम प्रति चौ. सेमी, म्हणजे १.२४ × १०^२३ अणू प्रति चौ. सेमी. ५ मिलिबार्नच्या क्रॉस-सेक्शनला अभिक्रियेची शक्यता ६ × १०^−४. बीम सेकंदाला १०० असेल तर दिवसाला पाच हजारांच्या आसपास अभिक्रिया. त्यातल्या निम्म्या त्या पातळीतून गेल्या आणि कार्यक्षमता २० टक्के असली तर ५०० काउंट. बीम सेकंदाला १ असेल तर ५. निम्मं टार्गेट म्हणजे त्याचेही निम्मे. निकेल-७८ साठी रिकेनमध्ये याच कारणाने १० सेमी लांबीचं द्रव हायड्रोजनचं टार्गेट वापरलं आणि अभिक्रिया नेमकी कुठे झाली ते भोवतीच्या टाइम प्रोजेक्शन चेंबरमधल्या प्रोटॉनांच्या मार्गांवरून शोधलं. जाडीही मिळाली आणि वेगातली अनिश्चितताही आवरली.

जर्मेनियम वापरलं की सगळं आपोआप सुटेल असं बरेच जण धरून चालतात. जर्मेनियम स्फटिकाचं स्वतःचं विभेदन १३३२ केईव्हीला २ केईव्हीच्या आसपास असतं, पण बीटा ०.६ ला ते वाट्याला येत नाही. अगाता किंवा ग्रेटिना या डिटेक्टर-संचांतल्यासारख्या ३६ खंडांत विभागलेल्या स्फटिकांत पहिल्या आदळण्याची जागा ४-५ मिमीपर्यंत कळते. २३ सेमी अंतरावर याचा अर्थ एक अंशाहून थोडा जास्त, म्हणजे ८८५ ला १२-१३ केईव्ही रुंदी. तुमच्या सोडियम आयोडाइडच्या ९०-१०० पेक्षा ती खूप चांगली, पण २ नव्हे.

मोजणीयंत्र

वरचं गणित पटतं, पण ५-७ केईव्हीच्या फरकावरून आयुष्य काढण्याआधी कॅलिब्रेशनची खात्री हवी. सोडियम आयोडाइडमध्ये एवढा फरक दुसऱ्या कारणांनीही सहज येतो.

कॅलिब्रेशन प्रयोगशाळेतल्या ऊर्जांच्या पट्ट्यात हवं. ८८५ ची रेषा ३० अंशांना डिटेक्टरात १४७० केईव्हीला दिसते आणि १२० अंशांना ५४५ ला. तुमची १.६ एमईव्हीची रेषा पुढच्या डिटेक्टरांत २.६६ एमईव्हीला पडते. फक्त सीझियम-१३७ (६६१.७) आणि कोबाल्ट-६० (११७३.२, १३३२.५) घेऊन सरळ रेषा ओढली असेल तर वरचा पट्टा अंदाजावर चालला आहे. यट्रियम-८८ चे ८९८.० आणि १८३६.१ घ्या, वर थोरियम साखळीतली २६१४.५ घ्या. सोडियम आयोडाइडचा प्रकाश ऊर्जेच्या अगदी सरळ प्रमाणात नसतो, त्यामुळे द्विघाती पद लागतं.

हे सगळं स्पेक्ट्रोमीटरचे चुंबक चालू ठेवून करायचं. फोटोमल्टिप्लायर नळ्यांना चुंबकाच्या बाहेर सांडलेल्या क्षेत्राचा त्रास होतो आणि गेन (वर्धन) बदलतो. चुंबक बंद असताना घेतलेलं कॅलिब्रेशन बीमच्या वेळी लागू पडत नाही. काउंट-दर वाढला तरी गेन हलतो, म्हणून मोजणीच्या आधी, मध्ये आणि शेवटी असं किमान तीनदा सोर्स लावलेला असावा. जे स्फटिक या तिन्हींत अर्ध्या टक्क्याहून जास्त हलले ते बाजूला काढा.

८३० चा उंचवटा मला संशयास्पद वाटतो. ५११ केईव्हीची इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन विनाशाची रेषा स्थिर जागेवरून येते, तिला डॉप्लर विस्थापन नसतं. तुमची सुधारणा मात्र तिच्यावरही चालते. १२० अंशांना ५११ × १.२५ × १.३ = ८३०. ३० अंशांना तीच ३०७ ला जाते. स्थिर रेषा अशा वेगवेगळ्या कोनांत पसरतात आणि जिथे स्फटिकांची दाटी असते तिथे खोटं शिखर उभं करतात. लोखंडातल्या न्यूट्रॉनांच्या अप्रत्यास्थ विखुरणाची ८४७ आणि अ‍ॅल्युमिनियमची १०१४ यांचंही तसंच होतं. पारख सोपी आहे: एका अक्षावर कोन, दुसऱ्यावर सुधारलेली ऊर्जा असा द्विमितीय आलेख काढा. केंद्रकाची रेषा सरळ उभी दिसते, खोलीतली रेषा वाकते. मग हाच आलेख सुधारणेविना काढा, तिथे उलट दिसायला हवं.

काळाचं गेटही (कोणत्या वेळेतले काउंट घ्यायचे ती खिडकी) बघून घ्या. टार्गेटमधून निघालेला गॅमा ३० सेमी १ नॅनोसेकंदात कापतो, १० एमईव्हीचा न्यूट्रॉन ७ घेतो. प्रॉम्प्ट (तत्काळ आलेल्या गॅमांच्या) शिखराच्या उशिराच्या बाजूला गेट ढगळ ठेवलं की न्यूट्रॉनांचा कचरा आत येतो.

वर्णपट_३२

दोघांचे आभार. कोन-ऊर्जा आलेख काढला. ८३० चा उंचवटा १०० अंशांच्या पुढच्या डिटेक्टरांतच आहे आणि न सुधारलेल्या आलेखात तो ५११ वर उभा राहतो. तो काढून टाकला. १.१० आणि १.६ या दोन्ही रेषा सरळ उभ्या आहेत. कॅलिब्रेशन चुंबक चालू ठेवूनच झालं होतं, २६१४.५ ची रेषा आता जोडली, बदल २ केईव्हीच्या आत. १६.५ पिकोसेकंद घालून सिम्युलेशन केल्यावर मॅग्नेशियम-३२ चे तिन्ही गट ८८५ च्या ३ केईव्ही आत आले.

१.१० वर गेट लावून (फक्त त्या रेषेच्या घटना निवडून) कोइन्सिडन्स, म्हणजे तिच्यासोबतच आलेले गॅमा, पाहिले: १.६ च्या जागी १३ काउंट, शेजारच्या पार्श्वभूमीवरून अपेक्षित ४. हे पुरेसं आहे का?

स्तर_आकृती

१३ वर ४ हा चांगला आकडा आहे. अपेक्षेशी जुळतो का ते बघा, कारण खरी कसोटी तीच आहे. १.६ ची रेषा पूर्णपणे १.१० च्या वर बसत असेल तर तिच्या ९० काउंटांमागे १.१० दिसण्याची शक्यता म्हणजे १.१० ची कार्यक्षमता, २० टक्के: १८. गेट शिखराचा साधारण पाऊण भाग धरत असेल तर १३-१४. पार्श्वभूमी वजा जाता तुम्हाला ९ मिळाले, त्रुटी साधारण ४. सुसंगत आहे. शून्य मिळालं असतं तर दोन्ही रेषा वेगवेगळ्या मार्गांच्या ठरल्या असत्या. पण ९ वजा ४ म्हणजे ५, हेही लक्षात ठेवा: १.६ चा काही भाग थेट मूलपातळीला जात असण्याची शक्यता या आकड्यांनी बंद होत नाही.

फिटबद्दल. एवढ्या कमी काउंटांवर किमान-वर्ग फिट करू नका, तो क्षेत्रफळ पद्धतशीरपणे कमी दाखवतो. पॉइसन लाइकलिहूड वापरा. प्रत्येक रेषेसाठी सिम्युलेशनमधला पूर्ण प्रतिसाद, म्हणजे शिखर आणि त्याची कॉम्प्टन पठारं (गॅमाची काहीच ऊर्जा डिटेक्टरात राहिली की बनणारा सपाट भाग) दोन्ही, आणि पार्श्वभूमीसाठी दोन घातांकी फलनांची बेरीज. १.६ चं कॉम्प्टन पठार १.१० च्या खालून जातं. ते सोडून नुसता गॉसियन बसवला तर १.१० ची तीव्रता फुगते. नवी रेषा असल्याचा दावा करण्याआधी ती रेषा घेऊन आणि वगळून असे दोन्ही फिट करा आणि लाइकलिहूडमधला फरक लिहा. अ‍ॅड-बॅक चालू आणि बंद, दोन्ही प्रकारे बघा: शेजारच्या स्फटिकांतले काउंट एकत्र केल्यावर कार्यक्षमता वाढते, पण दोन खरे गॅमा शेजारी पडले तर त्यांची बेरीज होऊन २.७ ला खोटं शिखर तयार होतं. तुमच्याकडे १.१० + १.६ = २.७. तिथे काही दिसलं तर ती नवी पातळी समजण्याआधी अ‍ॅड-बॅक बंद करून पाहा.

आकृतीत कोण खाली, कोण वर? सम-सम केंद्रकात सर्वांत तीव्र रेषा बहुधा पहिल्या २+ ची, कारण वरच्या पातळ्यांची बहुतेक तीव्रता तिच्यातूनच खाली उतरते. म्हणून १.१० खाली आणि १.६ वर ही मांडणी रास्त आहे. १.६ वर बसणारी पातळी ४+ आहे असं मात्र यातून सिद्ध होत नाही. ती दुसरी २+ असू शकते, ०+ सुद्धा. गॅमाच्या कोनीय वितरणावरून ठरवायला तुमचे काउंट पुरेसे नाहीत. प्रोटॉन नॉकआउट (बीमच्या केंद्रकातून प्रोटॉन उडणं) असेल तर त्या गेटमधलं उरलेल्या केंद्रकाचं समांतर संवेगाचं वितरण बघा. ते अरुंद की रुंद यावरून उडालेल्या प्रोटॉनचा कक्षीय कोनीय संवेग कळतो आणि अंतिम पातळीच्या समतेवर बंधन येतं. तोपर्यंत स्पिन कंसात लिहावा.

आणि जे दिसलं नाही ते नाहीच असं धरू नये. मॅग्नेशियम-३२ याचंच उत्तम उदाहरण आहे. १०५८ केईव्हीला त्याची दुसरी ०+ पातळी आहे. तुमच्या डेटात ती दिसणार नाही. तिच्यातून २+ ला जाणारी रेषा १७२ केईव्हीची, आणि त्या पट्ट्यात मंदावणाऱ्या इलेक्ट्रॉनांची पार्श्वभूमी दाट असते. शिवाय तिचं आयुष्य १० नॅनोसेकंदांहून जास्त. तुमच्या वेगाला १० नॅनोसेकंद म्हणजे सव्वादोन मीटर, गॅमा निघेपर्यंत केंद्रक डिटेक्टरांच्या रचनेतून बाहेर गेलेलं असतं. ती पातळी २०१० मध्ये सर्नच्या आयसोल्डेवर सापडली, मॅग्नेशियम-३० च्या मंद बीमने ट्रिटियमच्या टार्गेटमधून दोन न्यूट्रॉन उचलले तेव्हा, प्रोटॉनांच्या ऊर्जेवरून. मिनिबॉलचे जर्मेनियम डिटेक्टर तिथे जोडीला होते.

आता रचनेबद्दल, कारण तुमचा रोख शेवटी तिकडेच जाणार. न्यूट्रॉन संख्या २० ला सिलिकॉन-३४ ची पहिली २+ पातळी ३३२६ केईव्हीला आहे. दोन प्रोटॉन काढले की मॅग्नेशियम-३२ मध्ये ती ८८५ ला उतरते. प्रोटॉनांची डी-५/२ कक्षा रिकामी होत जाते तसं न्यूट्रॉनांच्या डी-३/२ कक्षेला मिळणारं आकर्षण कमी होतं, ती कक्षा वर सरकते आणि २० ची फट (कवचांमधलं ऊर्जेचं अंतर) अरुंद होते. मग फटीपलीकडे दोन न्यूट्रॉन चढवून मिळणारी विरूपित रचना ऊर्जेला स्वस्त पडते आणि तीच मूलपातळी बनते. ऑक्सिजनपर्यंत खाली गेलं की फट १६ ला उघडते. ऑक्सिजन-२४ दुहेरी जादुई (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दोन्हींची कवचं बंद) ठरलं ते त्यामुळे. मॅग्नेशियम-३२ मध्ये ४+ २३२२ ला आहे, म्हणजे ४+ आणि २+ यांचं गुणोत्तर २.६, मॅग्नेशियम-३४ मध्ये २+ ६६० ला उतरते आणि गुणोत्तर ३.२ होतं, आदर्श घूर्णकाच्या (विरूपित आकाराने फिरणाऱ्या केंद्रकाच्या) ३.३३ जवळ. तुमची पातळी खरंच ४+ असेल तर गुणोत्तर (१.१० + १.६) ÷ १.१० = २.४५. पूर्ण घूर्णक नव्हे, गोलही नव्हे. या मधल्या पट्ट्यात एका गुणोत्तरावर काहीही ठरवू नये.

उंच २+ दिसली की ‘नवी जादुई संख्या’ असं शीर्षक देण्याची घाई होते. निकेल-६८ मध्ये २+ २०३३ ला आहे आणि बी(ई२) लहान आहे, तरी न्यूट्रॉन पृथक्करण ऊर्जेत ४० ला ठळक पायरी दिसत नाही. निकेलमध्ये प्रोटॉनांचं कवच बंद असल्याने बी(ई२) न्यूट्रॉनांबद्दल फारसं बोलतच नाही, कारण ते मुख्यतः प्रोटॉन मोजतं. कॅल्शियममध्ये मात्र शेजाऱ्यांसोबत ठेवल्यावर चित्र स्पष्ट होतं: कॅल्शियम-४८ मध्ये ३८३२, ५० मध्ये १०२७, ५२ मध्ये २५६३, आणि ५४ मध्ये २०४३, जी रिकेनमध्ये मोजून २०१३ ला जाहीर झाली. ३२ आणि ३४ या दोन्ही ठिकाणी फट मानतात ती या सगळ्या मालिकेमुळे. सुट्या आकड्याला तेवढं वजन नसतं.

विखंडन

सोर्सच्या प्रश्नाचं थोडक्यात उत्तर: २० न्यूट्रॉनांच्या भागासाठी नाही. विखंडनाचे तुकडे साधारण ८० ते १६० वस्तुमानांत पडतात, मॅग्नेशियम तिथे तयारच होत नाही. पण झिर्कोनियम, मॉलिब्डेनम, रुथेनियम, बेरियम, सेरियम हवे असतील तर कॅलिफोर्नियम-२५२ च्या तोडीचं साधन कमी आहे. अर्धायुष्य २.६४५ वर्षं, ३.१ टक्के क्षय उत्स्फूर्त विखंडनाने, आणि तुकडे बऱ्यापैकी स्पिन घेऊन जन्मतात, त्यामुळे बीम-नॉकआउटमध्ये न मिळणाऱ्या १०-१५ स्पिनपर्यंतच्या पातळ्या हाती येतात.

सोर्स बंद, म्हणजे तुकडे धातूच्या थरांत थांबतात. ओळख पटवायला स्पेक्ट्रोमीटर नाही. ओळख गॅमांवरूनच पटवायची. त्यासाठी गॅमास्फियरसारखी शंभराच्या आसपास जर्मेनियम डिटेक्टरांची, कॉम्प्टन-दमन असलेली रचना आणि तिहेरी कोइन्सिडन्स लागतो. एका विखंडनात शंभराहून अधिक केंद्रकांपैकी कुठलीही जोडी निघते. एका गेटवर स्पेक्ट्रम वाचता येत नाही, दोन गेट लावल्यावर वाचता येतो. उदाहरण बेरियम-१४४ चं. १९९.३ आणि ३३०.९ वर गेट लावा, ४३१.३ ची रेषा उठून दिसते, म्हणजे ६+ ते ४+. त्याच स्पेक्ट्रममध्ये जोडीदार मॉलिब्डेनमच्या रेषाही येतात, कारण ५६ + ४२ = ९८. मॉलिब्डेनम-१०६ ची १७१.५ म्हणजे दोन न्यूट्रॉन बाहेर पडले, मॉलिब्डेनम-१०४ ची १९२.२ म्हणजे चार. नव्या रेषेला केंद्रक नेमून देण्याची पद्धत हीच: जोडीदारांच्या तीव्रतांचं वितरण ज्ञात शेजाऱ्यांशी ताडून बघायचं.

इथे एक खड्डा आहे. मॉलिब्डेनम-१०८ ची २+ रेषाही १९३ च्या जवळच आहे, १०४ च्या रेषेपासून एका केईव्हीच्याही आत. जर्मेनियमही त्या वेगळ्या करत नाही. वरच्या ४+ ते २+ रेषा, ३६८ आणि ३७१, घेऊन मगच वेगळं करता येतं. १९२ वर आंधळेपणाने गेट लावून न्यूट्रॉनांची संख्या काढली तर वितरण वाकडं येतं आणि नवी रेषा चुकीच्या समस्थानिकाला जाते.

५९६ आणि ६९१ ला उजवीकडे लांबत जाणारी त्रिकोणी शिखरं दिसली तर ती तुकड्यांची समजू नका. विखंडनातले न्यूट्रॉन डिटेक्टरातल्याच जर्मेनियम-७४ आणि ७२ ला उत्तेजित करतात आणि केंद्रकाच्या उसळीची ऊर्जा रेषेत मिळते. हेच न्यूट्रॉन स्फटिक खराबही करतात: शिखरांना कमी ऊर्जेची शेपूट येऊ लागली की स्फटिक निर्वातात १०० अंश सेल्सियसच्या आसपास काही दिवस तापवावा लागतो.

अगदी वरच्या स्पिनच्या रेषा रुंद दिसतात, कारण तुकडा थांबायला पिकोसेकंदाच्या घरात वेळ लागतो आणि त्याआधीच त्या निघून गेलेल्या असतात. त्या रुंदीतून आयुष्य काढता येतं, पण थांबण्याच्या शक्तीचं प्रारूप चांगलं हवं.

वर्णपट_३२

समजलं. शेवटचा एक मुद्दा: १.१० च्या रेषेसाठीही आयुष्य मोकळं सोडून फिट केलं. ऊर्जा आणि आयुष्य दोन्ही मिळतात, पण आयुष्याची त्रुटी ० ते ४० पिकोसेकंद. हे छापण्याजोगं आहे का?

गॅमाकोन

आयुष्य म्हणून नाही. १८० काउंट तीन कोनगटांत वाटल्यावर प्रत्येक गटाच्या मध्याची त्रुटी ६ केईव्हीच्या आसपास राहते आणि तुम्ही शोधताय तो फरक त्याहून फार मोठा नाही. वरची मर्यादा म्हणून लिहा, आणि ऊर्जेच्या त्रुटीत तो आवाका जरूर धरा. आयुष्य ० धरल्यावर ऊर्जा जिथे येते आणि ४० धरल्यावर जिथे जाते, तेवढी पद्धतशीर त्रुटी वेगळी दाखवा, आणि ती फक्त वरच्या दिशेला. तुमच्या मांडणीत ती १.१० वर १५-२० केईव्ही भरेल, म्हणजे सांख्यिकीय त्रुटीपेक्षा मोठी.

बी(ई२) खरंच हवं असेल तर त्याच केंद्रकाचा बीम सोन्याच्या किंवा शिशाच्या टार्गेटवर टाकून कूलॉम्ब उत्तेजन मोजावं लागेल. सोबत कार्बनच्या टार्गेटवर तेवढीच मोजणी, न्यूक्लीय बलाचा वाटा वजा करायला. वरून २+ मध्ये झिरपणारी तीव्रताही वजा करावी लागते. मॅग्नेशियम-३२ चे वेगवेगळ्या ठिकाणचे आकडे एकमेकांपासून बरेच दूर पडले त्यात ही दुरुस्ती कशी केली याचा मोठा हात होता. तुमच्याकडे १.६ ची रेषा आता माहीत आहे, म्हणून ते टार्गेट लावाल तेव्हा तिची तीव्रता आधी मोजा, १.१० ची नंतर.